पाहुणा बोलावताना

२०२० च्या जूनमध्ये भीमाशंकरचे मंदिर बंद होते. एरवी घोडेगाव सोडले की डिंभ्याच्या पुढे गाड्यांची रांग दिसते. त्या वर्षी रस्ता मोकळा होता, टपऱ्यांवर ताडपत्री बांधलेली होती. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात हिरड्याची झाडेही मोडली. म्हणजे यात्रेकरू नाही आणि हिरडाही नाही. माझा एक जुना विद्यार्थी मंचर-भीमाशंकर जीप चालवायचा. तो फोनवर म्हणाला, "सर, गाडी उभी आहे, हप्ता मात्र धावतोय."

त्याच महिन्यात, १५ जूनला, राज्य सरकारने 'मॅग्नेटिक महाराष्ट्र २.०' हा कार्यक्रम ऑनलाइन घेतला. विमाने बंद असताना देशी-परदेशी कंपन्यांशी पडद्यावरूनच १२ सामंजस्य करार झाले. रक्कम १६ हजार कोटींहून जास्त. त्याच रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले आणि करारांतले तीन चिनी कंपन्यांशी संबंधित करार सरकारने 'जैसे थे' ठेवले. त्यातली ग्रेट वॉल मोटर्स तळेगावला येणार होती. २०२२ मध्ये तिने भारतात येण्याचा विचारच सोडला आणि पुढच्या वर्षी त्या कारखान्यासाठी ह्युंदाईने करार केला.

केंद्र सरकारही गप्प बसले नव्हते. पर्यटन मंत्रालयाने एप्रिल २०२० पासून 'देखो अपना देश' ही वेबिनारची मालिका चालवली. मार्च २०२१ मध्ये खजुराहोला 'मीट इन इंडिया' या नावाने परदेशी परिषदा आणि व्यापारी मेळावे भारतात आणण्याची मोहीम मांडली. हे नाव देवनागरीत वाचून आमच्या घरातली मुले खूप हसली. आजकालच्या माहौलमध्ये 'मीट'चे निमंत्रण कोण देतो, असा त्यांचा प्रश्न.

तेव्हा नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद होती. २३ मार्च २०२० ला थांबलेली ती सेवा २७ मार्च २०२२ ला पुन्हा सुरू झाली. दाराला कुलूप आणि हातात निमंत्रणपत्रिका, असा हा प्रकार अनेकांना हास्यास्पद वाटला. मला तसे वाटत नाही. मोठी परिषद कुठे भरवायची हे दोन-तीन वर्षे आधी ठरते. पाऊस पडल्यावर मशागत करून चालत नाही, हे आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला कळते. निमंत्रण द्यायलाच हवे होते. प्रश्न एवढाच, की जो पाहुणा आधीच आपल्या घरात होता त्याच्याशी आपण कसे वागत होतो?

आमच्या भागाला परदेशी व्यापारी नवा नाही. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या लोकांनी, दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून इथे येत असे. भीमाशंकरला टांगलेली पोर्तुगीज घंटा मात्र व्यापारातून आली नाही. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी ती आणली, असे सांगतात. परका माणूस किंवा परकी वस्तू दोन वाटांनी येते, सौद्याने किंवा लढाईने. तिसरी वाट अडकण्याची.

पंधराव्या शतकात, बहमनी राजवटीत, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाने तिथेच अडकला. जुन्नरचा सुभेदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. हा माणूस ख्रिस्ती आहे हे कळल्यावर त्याने अट घातली. मुसलमान झालास तर घोडा परत, वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेला आणि हजारांचा दंड. मुदत चार दिवसांची. तेव्हा खुरासानचा मुहम्मद नावाचा एक मुसलमानच खानाकडे गेला, शब्द टाकला आणि घोडा सोडवून आणला. निकितिनने हे आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. म्हणून साडेपाचशे वर्षांनंतरही जुन्नरचे नाव दोन माणसांमुळे रशियात पोचते, घोडा घेणाऱ्यामुळे आणि सोडवणाऱ्यामुळे.

मी हा प्रसंग मुलांना सांगतो तेव्हा असदखानाला झाकत नाही. तो आपल्या धर्माचा होता म्हणून त्याची जबरदस्ती बरोबर ठरत नाही. जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिराचे नाव आहे, आणि तिथे मुसाफिराचा धर्म विचारायला सांगितलेले नाही.

हाच गज मी २०२० ला लावतो. दिल्लीच्या मरकजला जाऊन आलेल्या २९ परदेशी लोकांवर आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले. ते व्हिसा घेऊन आलेले होते, टाळेबंदीत अडकलेले होते. वाहिन्यांनी त्यांना रोगाचे दुसरे नाव केले. गावोगाव मुसलमान भाजीवाल्याकडे संशयाने पाहिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला ते गुन्हे रद्द केले. संकटात बळीचा बकरा शोधला जातो आणि इथे तसे झालेले दिसते, असे न्यायालयाने नोंदवले. पाहुण्यांशी अधिक सहिष्णुतेने वागायला हवे होते, हेही सांगितले. निकाल देणारे न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर. मला त्यांच्यात तो खुरासानचा मुहम्मद दिसतो. धर्म वेगळा, काम तेच.

१५ जूनला पडद्यावर परदेशी पाहुण्यांचे स्वागत चालू होते, तेव्हा हे २९ जण खटल्याला तोंड देत होते. या दोन गोष्टी एकाच राज्यात, एकाच महिन्यात घडत होत्या. 'अतिथी देवो भव' ही जाहिरात आपण जगभर दाखवली आहे. पण बाहेरचा व्यापारी जाहिरात पाहून तिकीट काढत असला, तरी पुन्हा यायचे की नाही हे इथल्या वागणुकीवरून ठरवतो. घरी गेल्यावर तो आपल्या माणसांना काय सांगतो, ते कुठल्याही मोहिमेच्या हातात नसते.

७ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. भीमाशंकरची वर्दळ सुरू झाली, आमच्या मशिदीही भरल्या. जीपवाला विद्यार्थी परत फेऱ्या मारू लागला. त्याच्या गाडीत बसणारे बहुतेक जण महादेवाचे भक्त असतात आणि भाडे ठरवताना कोणी त्याचे नाव विचारत नाही. मोहीम चालवणाऱ्यांनी एकदा त्याच्या गाडीतून घाट चढून पाहावा.