आ की दी?

हिंजवडी फेज दोनहून वाकडच्या पुलापर्यंत यायला बस जो वेळ लावते, त्यात इटालियनचा एक धडा आरामात होतो. सध्या क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारी अव्ययं घोकतोय. ‘कोमिंचारे’ म्हणजे सुरू करणे, त्याला ‘आ’ लागतो. ‘फिनीरे’, संपवणे, त्याला ‘दी’. ठीक आहे. पण प्रयत्न करणे ‘प्रोवारे’ असेल तर ‘आ’, आणि तेच ‘चेर्कारे’ असेल तर ‘दी’! इथे तर्क संपतो, पाठांतर सुरू होतं. वोलेरे, पोतेरे, दोवेरे (इच्छिणे, शकणे, करावे लागणे) या तिघांना मात्र मध्यस्थ चालत नाही. थेट पुढचं क्रियापद.

मराठी माणसाने कुरकुरू नये. आपण ‘बोलायला’ लागतो, पण ‘बोलायचं’ थांबतो. का, ते कोण सांगणार? आपली शेपटी मागून चिकटते, त्यांचं अव्यय पुढून येतं, एवढंच. ‘पेर कापीरे’, समजण्यासाठी. ‘सेंत्सा पार्लारे’, न बोलता.

इटलीची व्हेस्पा बारामतीत बनते, फिआटचा भागीदारीतला कारखाना रांजणगावात, दोन्ही पुणे जिल्ह्यातच. तरी शेजारच्या सीटवर जर्मन नाहीतर जपानीच चाललेलं असतं. त्यांना व्हिसा हवाय. मला हा ‘आ’ आणि ‘दी’चा खेळच पुरतो.