झाकणावरची तारीख

पाइपच्या तंबाखूतल्या व्हर्जिनियाच्या पानात साखर फार. भट्टीच्या कोरड्या उष्णतेत पान वाळवलं, की ती पानातच राहते आणि पुढे वर्षानुवर्षं आपलं काम करत बसते. हे पान थरावर थर रचून दाबतात आणि त्या वडीचे पातळ काप काढतात. त्याला फ्लेक म्हणतात. नव्या डब्यातल्या फ्लेकला वाळत आलेल्या गवताचा, थोडा लिंबाच्या सालीचा वास येतो. ओढताना जिभेला चरचरतं. तोच डबा पाच-सात वर्षं न उघडता ठेवला, तर पिवळसर काप तपकिरी होतो, मग काळपट. चरचर जाते आणि धुरात सुक्या अंजिराची, मनुकांची गोडी उतरते. एवढ्या काळात माणसाने काय करायचं? काही नाही. डब्याला हात लावायचा नाही. आवडत्या वस्तूला हात न लावणं हे किती कठीण, ते कैरीच्या लोणच्याच्या बरणीशेजारी वाढलेल्या मराठी माणसाला सांगायला नको.

लंडनच्या डन्हिल कंपनीचे चपटे गोल डबे नाण्याने उघडायचे. झाकणाच्या कडेला नाणं घालून पिळलं, की आत हवा शिरल्याचा बारीक आवाज यायचा. आत घडीदार कागद, कागदाखाली तंबाखू. जुन्या व्हर्जिनियाचा डबा असा उघडावा आणि एक काप अलगद उचलून खिडकीपाशी न्यावा. काळ्या पानावर कधी कधी बारीक पांढरे कण दिसतात. नवख्याला वाटतं बुरशी आली. भिंग घ्यावं. कण उजेडात चमकले, तर ते स्फटिक आहेत, पान मुरताना पृष्ठभागावर आलेले. बेलाशक पाइप भरावा. पण कापसासारखी लव दिसली आणि कुबट वास आला, तर तो तंबाखू टाकून द्यावा. कितीही दुर्मीळ असला तरी.

प्रत्येक तंबाखूला मात्र वय मानवत नाही. लताकिया हे पान लाकडांच्या धुरावर टांगून काळं केलेलं. त्याचं नाव सीरियातल्या बंदराचं, पण आज बाजारात मिळतो तो सायप्रसचा. त्याचा तो रांगडा, शेकोटीसारखा वास हेच त्याचं वैभव, आणि वर्षं जातील तसा तोच वास मवाळ होतो. ज्याला लताकियाचा दणका हवा, त्याने तो ताजाच ओढावा. लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशचा पेरीक त्याच्या उलट. तो व्हिस्कीच्या ओकच्या पिंपांत दाबाखाली आंबवलेला असतो, म्हणजे बरंचसं वय तो कारखान्यातच भोगून येतो. व्हर्जिनियात चिमूटभर पेरीक मिसळून डबा बंद करावा. दोघं एकमेकांत असे विरघळतात, की दहा वर्षांनी कुठलं पान कुठलं ते जीभ सांगू शकत नाही. वरून व्हॅनिला किंवा चेरी लावलेले सुगंधी तंबाखू साठवण्यात अर्थ नाही. तिथे पानापेक्षा अत्तर जास्त, आणि अत्तर उडून जातं.

आपल्याकडे एक पथ्य जास्तीचं. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत पत्र्याचा डबा आतून तंबाखूला जपतो, पण बाहेरून स्वतः गंजतो. शिवणीला भोक पडलं, की आतला ओलावा गेला आणि वर्षांची पुण्याई गेली. म्हणून डबे कोरड्या, काळोख्या कपाटात ठेवावेत, अधूनमधून बूड तपासावं. एकदा उघडलेला तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावा आणि पावसाळ्यात बरणी उगाच उघडू नये. झाकणावर तारीख लिहावी. स्मरणशक्तीवर विसंबू नये.

पण पाइप ओढणारे डबे साठवतात ते केवळ मुरवण्यासाठी नव्हे. आवडतं मिश्रण एके दिवशी जगातून नाहीसं होतं, हे त्यांनी पाहिलं आहे. आल्फ्रेड डन्हिलने लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर 1907 साली दुकान काढलं. तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीचं मिश्रण वहीत क्रमांक घालून उतरवून ठेवत. त्यांच्या 965 या मिश्रणाचं नाव त्या वहीतून आलं. 2018 च्या सुमारास डन्हिलचे तंबाखू बंद झाले. ती मिश्रणं पुढे पीटरसनच्या नावाने परत आली, हे नशीब. कॅन्सस सिटीच्या मॅक्लेलँड कंपनीच्या वाट्याला तेही आलं नाही. लाल व्हर्जिनिया त्यांच्यासारखा कुणी मुरवला नाही. डबा उघडताच शिरक्यासारखा आंबट वास यायचा, आणि त्या वासावरून डोळे मिटून ओळखावं की हा त्यांचाच. नाताळसाठी ते दरवर्षी त्या सालाचा आकडा घालून निव्वळ व्हर्जिनियाचा डबा काढत. 2018 मध्ये कंपनी बंद झाली. हवं तसं पान मिळेनासं झालं, हे एक मोठं कारण होतं. पानच नाही म्हटल्यावर कृती कुणाच्या हाती देणार?

अशा बातमीनंतर दुकानांतली फळी एका दिवसात रिकामी होते. ती भीती मला कळते, पण पटत नाही. मुरवणं हे पानावरच्या प्रेमाने होतं. भीतीने भरलेलं कपाट वेगळं असतं: त्यातला डबा उघडायला हात धजत नाही, कारण एक उघडला की एक कमी झाला. तंबाखू जिवाला घातक आहे, ते डब्यावर छापलेलं असतं आणि ते खरं आहे. म्हणूनच शहाणा माणूस थोडं ओढतो आणि चांगलं ओढतो. त्याला डबे लागतात किती? जन्मभरात ओढून होईल त्याहून जास्त ज्याने घेतले, त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी पाइपातलं पान आपल्या कपाटात कोंडलं. शिवाय साठवणारा गेल्यावर घरातले लोक जुने गंजके डबे म्हणून ते टाकून देतात.

मॅक्लेलँडचा तंबाखू 2018 नंतर तयारच झालेला नाही. म्हणजे आज कुणाच्याही कपाटात असलेला त्यांचा प्रत्येक व्हर्जिनियाचा डबा पुरेसा मुरलेला आहे. तुमच्याकडे एखादा असेल, तर आणखी थांबू नका. पाइप ओढणारा एखादा मित्र असेल त्याला बोलवा, आणि डबा यंदाच उघडा.