भंगलेली स्वप्ने आणि आटपाडीचा माळ

आमच्या धर्मग्रामातील काही माता अधूनमधून एक तक्रार घेऊन येतात. मुली रात्र-रात्र कादंबऱ्या वाचतात. त्यांत प्रेम असते, जादूची नगरी असते, स्वप्नात भेटणारा राजपुत्र असतो आणि मनावरची प्रत्येक जखम शेवटच्या प्रकरणापर्यंत भरून येते. आम्ही त्या मातांना कपाटातील 'अमृतवेल' काढून देतो. वाचायचेच असेल तर हे वाचू द्या, असे सांगतो.

वि. स. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले. त्यांची 'ययाति' सर्वांना ठाऊक असते. १९६७ सालची 'अमृतवेल' मात्र अधिक जिव्हाळ्याने वाचली गेली, असे आम्हांला वाटते. नंदाचा वाग्दत्त वर शेखर विमान-अपघातात जातो आणि तिच्या डोळ्यांसमोरचे सारे आयुष्यच पुसले जाते. पुढे ती मैत्रिणीच्या सोबतीला, वसूच्या घरी जाते. तेथे वसूचा पती देवदत्त बालपणापासूनची जखम उरात घेऊन वावरत असतो. दुसऱ्याच्या घरातील दुःख जवळून पाहताना नंदाची आपल्या दुःखाकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागते. खांडेकरांची पात्रे सुभाषिते फार बोलतात, हे खरे. (आम्हां धर्मगुरूंनी त्याविषयी कुरकुर करू नये, रविवारी आम्ही तेच करतो.) तरीही दुःखाला घाईने निरोप देण्याचा उतावळेपणा या लेखकात नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हे पुस्तक एका तरुणीला दिले. चर्चमध्ये तिच्या लग्नाच्या तीनांपैकी दोन घोषणा झाल्या होत्या; तिसऱ्या रविवारी त्याच मुलाची अंत्यविधीची मिस्सा आम्ही अर्पण केली. रस्त्यावरचा अपघात. नंतर कित्येक महिने ती मिस्सेला येई, मागच्या बाकावर बसे, कोणाशी बोलत नसे. एके दिवशी म्हणाली, "फादर, आता तो रोज स्वप्नात येत नाही. ज्या रात्री येत नाही, त्या सकाळी मला चोरी केल्यासारखं वाटतं."

बरे होण्याचीच तिला भीती वाटत होती. आम्ही उत्तर दिले नाही, पुस्तक दिले. महिन्याभराने ती म्हणाली, "नंदाला बोलायला छान येतं, फादर. मला नाही येत."

त्याच सुमारास आटपाडीकडे जाण्याचा योग आला. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर या दोघा भावांचा हा कोरडा मुलूख. औंध संस्थानाच्या काळात, १९३९ साली, येथे 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा त्यात पुढाकार होता. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारी माणसे उंच भिंतींवाचून येथे राहत, शेती करीत, बायकामुलांना जवळ ठेवीत. याच प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली पडद्यावर आला. पुढील वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वलाबरोबर आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचेही पारितोषिक मिळाले, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्या कैद्यांना कोणी 'विसरा' म्हटले नव्हते. हाती कुदळ दिली, संध्याकाळी परतायला घर दिले. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरचे व्रणही पुसले गेले नव्हते. थोमाला ते दिसले.

हे सारे आम्ही त्या मुलीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्यांच्या बायका तिथं राहायला तयार झाल्या?" झाल्या, असे आम्ही म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती.

पावसाळ्यापासून ती शनिवारी लहान मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला येते. मागच्या बाकावर अजूनही बसते, पण आता शेजारी दोन-तीन पोरे असतात. पुस्तक मात्र परत आलेले नाही. शेवटची पाने अजून एकदा वाचायची आहेत, असा निरोप तिने आईबरोबर पाठवला आहे.