समुद्राला न भेटणारे पाणी

नदी म्हटली की ती शेवटी सागराला मिळायचीच, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडील युटा राज्यात बेअर, वेबर आणि जॉर्डन या नद्यांच्या कपाळी समुद्र लिहिलेलाच नाही. त्या ग्रेट सॉल्ट लेक या अफाट खाऱ्या सरोवरात येऊन विसावतात. तिथून पाण्याला वाट एकच, आभाळाची! पाणी उन्हाने उडून जाते आणि मीठ मागे राहते. म्हणूनच या सरोवरात माणूस सहज तरंगतो.

युटाचे क्षेत्रफळ सुमारे 2,20,000 चौरस किलोमीटर. वस्ती मात्र 2020च्या शिरगणतीप्रमाणे केवळ बत्तीस-तेहतीस लाख! कोरडेपणात त्याचा क्रमांक शेजारच्या नेवाडाच्या खालोखाल लागतो. दक्षिणेला झायन आणि ब्राइस यांचे तांबडे-केशरी खडक, पश्चिमेला मिठाचे पांढरेशुभ्र वाळवंट, तर ईशान्येला 4,123 मीटर उंचीचे किंग्ज शिखर. उन्हाळा अंग भाजून काढणारा आणि हिवाळा हाडे गोठवणारा. इथला खरा पाऊस म्हणजे बर्फ. थंडीत तो वासॅच पर्वतावर साठतो आणि वसंतात वितळून नद्यांना पाणी पुरवतो.

या पर्वताच्या पायथ्याशी 24 जुलै 1847 रोजी ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली मॉर्मन पंथाचे लोक पोहोचले. छळाला कंटाळून हजारो मैल तुडवत आलेल्या या मंडळींनी आल्याआल्या पाट खणले आणि उजाड माळावर शेती उभी केली. गोड्या पाण्याच्या युटा सरोवरातून निघून खाऱ्या सरोवराला मिळणाऱ्या नदीला त्यांनी पवित्र भूमीतल्या जॉर्डनचे नाव दिले! पंथातील बहुपत्नीकत्वाच्या वादामुळे राज्याचा दर्जा मात्र रखडला. तो मिळाला 1896 साली. सॉल्ट लेक सिटी ही राजधानी.

ज्या पाटांनी हे राज्य वसवले, त्यांनीच आज सरोवराला घोर लावला आहे. नद्यांचे बरेचसे पाणी वाटेतच वळवले जाते. त्यातला मोठा वाटा गुरांच्या चाऱ्यासाठी लसूणघास पिकवण्यात खर्ची पडतो. जोडीला अवर्षण आले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सरोवराने आजवरचा नीचांक गाठला. उघड्या पडलेल्या तळातील धुळीत आर्सेनिकसारखे विषारी पदार्थ आहेत. वारा सुटला की ती धूळ शहरांकडे निघते. क्षार फार वाढले, तर पाण्यातले इवले कोळंबीसारखे जीव तग धरीत नाहीत, आणि त्यांच्यावर पोसणारे लाखो प्रवासी पक्षी उपाशी राहतात. 2023 मध्ये भरपूर बर्फ पडून दिलासा मिळाला, तरी मूळ दुखणे गेलेले नाही.

पाणी वापरले नाही तर त्यावरचा हक्क जाईल, ही तिकडच्या शेतकऱ्याची जुनी धास्ती. 2022 साली तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलला; आता हक्क न गमावता आपल्या वाट्याचे पाणी भाडेपट्ट्याने सरोवरासाठी सोडता येते. शेतात न जिरता सरोवराला मिळालेले पाणी वाया गेले, असे पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या माणसांना हे पटायला वेळ लागेल. परंतु त्या खाऱ्या पाण्याखाली दबलेली धूळ त्यांच्याच लेकरांच्या श्वासात जाणार आहे. मग त्या पाण्याला वाया गेलेले कसे म्हणायचे?