लाजेचें दुखणें

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या अंगावरून पांढरें जात असे. चार महिने त्यांनीं निमूटपणें तांदळाचें धुवण घेतलें. खाज सोसवेना तेव्हां एका रात्रीं मजजवळ बोलल्या, वर, "कोणास सांगूं नकोस हो!"

दुसऱ्या दिवशीं मीं त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलें. बुरशीचा संसर्ग निघाला. आणि रक्त तपासतां मधुमेहही उघडकीस आला. एका लपविलेल्या दुखण्यामागें दुसरें दडलेलें होतें!

भगिनींनो, पारदर्शक किंवा दुधाळ, दुर्गंध नसलेला स्राव हा देहाचा धर्मच होय. पाळीच्या मागेंपुढें तो कमीअधिक होतो. त्यास औषध नको. परंतु घट्ट दह्यासारखा स्राव व खाज हें बहुधा बुरशीचें लक्षण. पातळ, राखी व माशांसारखा वास येणारा स्राव आंतील जंतूंचा तोल बिघडल्यानें होतो. हिरवट-पिवळा, फेसाळ असल्यास समागमांतून झालेल्या संसर्गाची शंका घ्यावी. तेथें पतीवरही उपचार हवेत. आंतून साबणानें धुणें तर अपायकारकच.

ताप, ओटीपोटांत वेदना किंवा गरोदरपण असेल तर विलंब नको. पाळी कायमची गेल्यावर रक्तमिश्रित स्राव दिसल्यास त्वरित तपासून घ्यावें. तें कधीं कर्करोगाचेंही चिन्ह असतें.

जाऊबाई आतां बऱ्या आहेत. परवां त्यांनींच आपल्या लेकीस जवळ बसवून हें सारें समजावलें. आणि आवाज मुळींच हळू केला नाहीं.