आतली कडी, बाहेरची कडी

घरातले यंत्र बंद पडले, की मनात पहिला विचार येतो तो खर्चाचा. बिघाड नेमका कोठे झाला आहे, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो. डोळ्यांना दिसणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरे असते. शिवणयंत्राचा पट्टा तुटला तर तो लोंबताना दिसतो. सायकलची साखळी उतरली तर ते पायाला लगेच कळते. संगणकाच्या बिनतारी जोडणीचे मात्र तसे नाही. तिच्या लहरी दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. म्हणून तिच्याविषयी कोणी ठामपणे काही सांगितले, की आपण ते निमूटपणे मान्य करतो.

इंदूरमधील आमच्या वसाहतीत राहणाऱ्या एका वहिनींवर असा प्रसंग आला. त्या शिवणकाम करतात. लग्नानंतर सुटलेले शिक्षण मुक्त शिक्षणातून पूर्ण करावे, या निश्चयाने त्यांनी बारावीला नाव घातले आणि शिलाईच्या पैशांतून एक जुना लॅपटॉप घेतला. त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली होती. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली या प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढे जगभरातील हजारो जाणकारांनी तो वाढवला. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या विनामूल्य मिळतात आणि त्यांतील हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवरही चालतात.

एके दिवशी त्या लॅपटॉपचे वायफाय बंद पडले. दुकानात उत्तर मिळाले, "कार्ड जळलं आहे. नवा लॅपटॉप घ्या." परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत चार दिवसांवर आली होती. घरातला एकुलता एक स्मार्टफोन मुलाबरोबर दिवसभर बाहेर असे. वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, नवा घ्यायचा तर वर्षभर मशीन चालवावी लागेल. कार्ड जळलं म्हणतात, पण ते कशावरून, एवढं तरी बघून द्याल का?"

'कशावरून?' या एका शब्दात पुढच्या साऱ्या शोधाची दिशा होती.

लिनक्समध्ये टर्मिनल नावाची खिडकी असते. तिथे आज्ञा लिहायची आणि उत्तर वाचायचे. आम्ही प्रथम 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली. संगणकाच्या आत जोडलेल्या भागांची ही जणू हजेरीच असते. त्या यादीत वायफाय कार्डाचे नाव स्पष्ट होते. पूर्ण निकामी झालेले कार्ड सहसा या हजेरीत 'हजर' म्हणत नाही. म्हणजे कार्ड जिवंत असण्याची आशा होती. मग ते बोलत का नव्हते?

दुसरी आज्ञा दिली, 'आरएफकिल लिस्ट'. 'आरएफ' म्हणजे रेडिओ लहरी. त्या कोणी अडवून धरल्या आहेत का, हे ही आज्ञा सांगते. उत्तरात दोन ओळी उमटल्या : 'सॉफ्ट ब्लॉक्ड : येस' आणि 'हार्ड ब्लॉक्ड : येस'. अडथळा एक नव्हता, दोन होते.

वहिनींना हे समजावताना मला दाराची उपमा सुचली. दाराला एक कडी आतून असते आणि एक बाहेरून. सॉफ्ट ब्लॉक ही आतली कडी. ती प्रणालीनेच लावलेली असते आणि प्रणालीला ती काढताही येते. हार्ड ब्लॉक ही बाहेरची कडी. ती लॅपटॉपच्या अंगावरील बटणाने लागते. विमानात किंवा जिथे रेडिओ लहरींना मनाई असेल अशा ठिकाणी त्या तत्काळ बंद करता याव्यात, म्हणून अनेक जुन्या लॅपटॉपना असे सरकते बटण दिलेले असे. त्या काळच्या छोट्या वायफाय कार्डाला 52 जोडटोके असतात. त्यांतील 20 व्या टोकावरचा विद्युतदाब खाली आला, की कार्ड लहरी सोडणे थांबवते. बटणाचे काम एवढेच. बाहेरची कडी लागली आहे हे लिनक्सला कळते, पण ती काढणे तिच्या हाती नसते.

वहिनींनी स्वतः तिसरी आज्ञा लिहिली, 'आरएफकिल अनब्लॉक ऑल'. पुन्हा यादी मागवली. आतली कडी निघाली होती. बाहेरची तशीच होती. तीच आज्ञा शंभर वेळा दिली असती, तरी फरक पडला नसता.

आता संगणकाला विचारण्यासारखे काही उरले नव्हते. आम्ही लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली आणि त्याच्या चारही कडा उजेडात न्याहाळल्या. पुढच्या कडेला अँटेनाचे पुसट चिन्ह होते आणि त्याखाली एक अरुंद खाच. बटणाचे बोंड तुटून गेले होते. आत फक्त खुंट उरला होता. तो बोटाला लागत नव्हता. वहिनी घरी जाऊन क्रोशाची प्लास्टिकची सुई घेऊन आल्या. नाजूक कापडावरचा टाका उसवावा तितक्या हलक्या हाताने त्यांनी तो खुंट दुसऱ्या बाजूला सरकवला. लॅपटॉप सुरू केला. या वेळी दोन्ही ओळींपुढे 'नो' होते. अर्ज त्याच रात्री भरला गेला.

यंत्राचे उत्तर महत्त्वाचे असले, तरी ते डोळे मिटून स्वीकारावे असेही नाही. काही लॅपटॉपना असे बटणच नव्हते, तरीही लिनक्सचा एक भाग बाहेरची कडी लागल्याचे सांगत राही. कारण यंत्राकडून त्याला चुकीचा संकेत मिळत असे. अखेर विकासकांनी अशा मॉडेलांची यादीच प्रणालीत लिहून ठेवली. म्हणून पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचावे आणि वस्तूही हातात घेऊन पाहावी. दोन्ही जुळले, तरच निदानावर विश्वास ठेवावा.

ज्ञान नसेल तर माणूस दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहतो आणि त्याची किंमत बहुधा गरिबालाच अधिक मोजावी लागते. वर्षभराच्या शिलाईचे पैसे वाचले, ते तीन आज्ञा आणि एका सुईमुळे. पण त्याआधी 'कशावरून?' असे विचारण्याचे धैर्य लागले. ते वहिनींचे स्वतःचे होते.

त्या तीन आज्ञा त्यांनी शिलाईच्या मापांच्या वहीत, शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. आता वसाहतीत कोणाचे वायफाय रुसले, की ते प्रथम त्यांच्याकडे जातात. त्याही शांतपणे विचारतात, "हजेरीत नाव आहे का? मग कडी कुठली लागली आहे, ते आधी बघू."