चार मांत्रिकांचा तंटा

गेल्या श्रावणांतील एका शनिवारची गोष्ट. शाळा सुटून मुलांचीं जेवणें झालीं होतीं, बाहेर पाऊस लागून राहिला होता, आणि वसतिगृहाच्या ओसरीवरून मोठा गलका आमच्या कानीं आला. आम्ही तेथें जाऊन पाहतों तों पांच मुलें चटईवर गोल बसलेलीं, मध्यें कागद, पेन्सिली व नाना आकृतींचे फांसे पडलेले, आणि पांचांपैकीं चौघे अगदीं हातघाईवर आलेले. फांसे पाहून आमच्या कपाळाला आठी पडली, हें आम्ही लपवीत नाहीं. वसतिगृहांत द्यूत! आम्ही ते सारे फांसे रुमालांत बांधून घेतले. तेव्हां त्या मुलांतील वडील मुलगा धीर करून म्हणाला, "सर, फांसे न्या, पण आधी आमचा न्याय करा. चौघांत मोठा मांत्रिक कोणता?"

न्याय करावयाचा तर तंटा समजला पाहिजे. म्हणून आम्ही चटईवर बसलों, आणि त्या दुपारीं विद्यार्थी आम्ही होतों.

ह्या खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. ह्यांत पैसा लावावयाचा नसतो. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टींतील एकेक पात्र होऊन आपण काय करूं तें बोलतात. आणि केलेलें साधलें कीं फसलें हें वीस मुखांचा एक फांसा ठरवितो. आमच्या मुलांजवळ ह्या खेळाचें २०१४ सालच्या आवृत्तीचें पुस्तक आहे. पुण्यास नोकरीस असलेल्या एका मुलाच्या वडील भावानें तें सुटींत आणून दिलें. पुस्तक इंग्रजी. ज्या मुलांकडून इंग्रजी वाचनाचें एक पान करवून घेतांना आम्हांस घाम फुटतो, त्यांनीं ह्या जाड पुस्तकाचीं पानें बोटें लावून लावून काळीं केलेलीं पाहून आम्हांस काय वाटलें असेल, तें इतर शिक्षकांनींच ओळखावें.

एका पालकांनीं आम्हांस मागाहून विचारलें कीं मिशनच्या शाळेंत मुलें चेटूक शिकतात काय? प्रश्न नवा नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कित्येक ख्रिस्ती पालकांनीं हाच आक्षेप इतक्या जोरानें घेतला कीं १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत प्रकाशकांनीं सैतान व पिशाच्च ह्यांचीं प्रचलित नांवें गाळून त्यांना भलतींच नांवें दिलीं. आमचें उत्तर इतकेंच कीं आमच्या वसतिगृहांत विंचू चावला असतां, खेळांत पुजारी होणारा मुलगाच सर्वांआधीं दवाखान्यासाठीं गाडी आणावयास धांवला. मंत्र कोठें चालतो व कोठें चालत नाहीं, हें त्यास ठाऊक आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें विंचू वा साप चावलेल्यास उपचारापासून अडवून मंत्र घालणें हा गुन्हा ठरविला आहे. पण तो कायदा त्यास वाचून दाखवावा लागला नाहीं.

आतां ते चार मांत्रिक. इंग्रजी नांवें मुलांच्या जिभेवर नीट बसत नाहींत, म्हणून त्यांनीं घरचीं नांवें पाडलीं आहेत.

पहिला विझार्ड, त्याला मुलें पोथीवाला म्हणतात. ह्याच्याजवळ उपजत कांहीं नाहीं. जें आहे तें शिकून मिळविलेलें. पहिल्या पायरीवर त्याच्या पोथींत सहा मंत्र असतात. एकेक पायरी चढतांना दोन दोन वाढतात. दुसऱ्या कोणाच्या पोथींत नवा मंत्र दिसला तर तो उतरून घेतां येतो. परंतु मंत्राच्या प्रत्येक दर्जामागें दोन तास बसावें लागतें व पन्नास सुवर्णमुद्रा शाईकागदाला पडतात. सकाळीं उठून त्या दिवशीं लागतील ते मंत्र पोथींतून तयार करावयाचे, आणि पोथी हरवली कीं बिचारा नवें कांहींच तयार करूं शकत नाहीं. जुन्या आवृत्त्यांत तर म्हटलेला मंत्र तत्क्षणीं डोक्यांतून पुसला जाई व दुसरे दिवशीं पुन्हां पाठ करावा लागे. ही कल्पना जॅक व्हान्स ह्या लेखकाच्या १९५० सालच्या एका पुस्तकावरून उचलली आहे. आम्ही मनांत म्हटलें कीं परीक्षेनंतर आमच्या विद्यार्थ्यांचें जें होतें तें व्हान्ससाहेबांस कोणीं सांगितलें?

दुसरा क्लेरिक, म्हणजे पुजारी. देवाच्या प्रसादानें मंत्र चालवितो, जखमा भरून काढतो, आणि चिलखतही घालूं शकतो. तिसरा सॉर्सरर, म्हणजे उपजत. ह्याच्या रक्तांतच जादू. पोथी नको, पूजा नको. मंत्र थोडे, पण ते हवे तसे वांकविण्याची हातोटी त्याला तिसऱ्या पायरीपासून येऊं लागते. हा मांत्रिक खेळांत फार उशिरां, २००० सालच्या आवृत्तींत आला, आणि तो घेणाऱ्या मुलाचा स्वभाव पाहतां ह्याहून अधिक त्याजविषयीं लिहिण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं.

तंटा ह्या तिघांतच पेटला होता. पोथीवाला म्हणे, माझे मंत्र सर्वांत अधिक. पुजारी म्हणे, मी नसतों तर तुम्ही सारे पहिल्याच गुहेंत मेलां असतां. उपजत म्हणे, तुम्हीं मिळविलेलें, माझें स्वतःचें.

तेव्हां आष्टीकडील एका मुलानें, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यानेंच, मध्यें तोंड घातलें. आमच्या जिल्ह्याला मांत्रिकांचें नवल नाहीं. आष्टी तालुक्यांतील सावरगांवीं मच्छिंद्रनाथांची समाधि आहे, पाटोदा तालुक्यांतील चिंचोलीस गहिनीनाथांची, आणि हद्द ओलांडली कीं अहिल्यानगर जिल्ह्यांतील मढीस कानिफनाथांची. धुंडिसुत मालूंचा 'नवनाथ भक्तिसार' ज्या घरांत वाचला जातो त्या घरांतील हा मुलगा. तो म्हणाला, "सर, कानिफनाथ हत्तीच्या कानात जन्मले, म्हणजे ते उपजत. पण जालिंदरनाथांपाशी शिकले, म्हणजे पोथीवाले. बदरिकाश्रमात तप केलं, देवांचे वर घेतले, म्हणजे पुजारी. मग त्यांना कोणत्या खान्यात घालायचं?" इंग्रजी पुस्तकाचे खाने आमच्या नाथांस पुरेनात. गोरक्षनाथांचें तेंच. संजीवनी मंत्र घोकीत असतां पोरांच्या हट्टाखातर त्यांनीं चिखलाचें बाहुलें केलें, आणि ओठांवर मंत्र चालू असल्यामुळें त्या बाहुल्यांत प्राण आला. तेच पुढें गहिनीनाथ झाले, ज्यांनीं ज्ञानेश्वरांचे वडील बंधु निवृत्तिनाथ ह्यांस उपदेश दिला. म्हणजे पाठांतरांत लक्ष दुसरीकडे गेल्याचा असा लाभ एकदांच झाला आहे. विद्यार्थ्यांनीं त्यावर विसंबूं नये.

"आणि सर," तो पुढें म्हणाला, "थोर कोण तें त्याच पोथीत आहे." कानिफनाथ व गोरक्षनाथ वाटेंत भेटतात. कानिफनाथ मंत्रबळानें आंबे पाडून सर्वांस खाऊं घालतात. गोरक्षनाथही फळें आणवितात, आणि मग म्हणतात कीं उरलेलीं फळें आतां पुन्हां झाडास लावावीं. तुटलेलें फळ देंठास कसें लागेल, असें कानिफनाथ म्हणतात. गोरक्षनाथ तें लावून दाखवितात.

ही गोष्ट ऐकून आम्हांस न्यायाचें सूत्र सांपडल्यासारखें वाटलें. तोडणें सोपें, परत करणें अवघड; घेतलेलें ज्यास परत करतां येतें तो थोर. आम्ही घसा खांकरून निकाल सांगणार, तों आमच्या ध्यानांत आलें कीं चौथा मांत्रिक आतांपर्यंत एक अक्षरही बोलला नाहीं. हातघाईवर आलेल्यांत तो होता, बोलणाऱ्यांत मात्र नव्हता. आम्ही विचारलें, "तुझा कोणता?"

त्याचा वॉरलॉक. पोथीवाला मध्येंच ओरडला, "सर, ह्यानं सैतानाशी करार केलाय! ह्याला मोजूच नका." पुस्तकांत तसें आहे खरें. हा मांत्रिक कोणा बलाढ्य शक्तीशीं करार करतो, ती ह्यास विद्या देते, आणि ह्यानें तिची चाकरी करावयाची. मिशनच्या शाळेंत असें पात्र कोणीं घ्यावें? प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांतील शोमरोनचा सीमोन जादूगार आमच्या जिभेवर आला, ज्यानें प्रेषितांपुढें पैसे ठेवून त्यांचें सामर्थ्य विकत मागितलें. आम्ही तोंड उघडणार इतक्यांत तो मुलगा खालीं पाहतच म्हणाला, "करार नाही, सर. ह्यानं उचल घेतलीय."

ओसरीवर पावसाचाच काय तो आवाज राहिला.

उचल म्हणजे काय हें आमच्या जिल्ह्यांत कोणास सांगावयास नको. ह्या मुलाचे आईवडील ऊसतोडीस जातात. हंगामाआधीं मुकादम रक्कम देतो; ती दवाखान्यांत, लग्नांत, किंवा मागल्या देण्यांत जाते; मग नवराबायको मिळून एक कोयता पश्चिम महाराष्ट्रांतील वा कर्नाटकांतील कारखान्यावर जातो, आणि तोडलेल्या टनांतून ती उचल फिटेपर्यंत राबतो. न फिटली तर बाकी पुढल्या हंगामावर चढते. मुलगा वसतिगृहांत आहे तो एवढ्याच कारणानें. पुस्तकांतील तीन पानें जें इंग्रजींत सांगतात, तें त्यानें एका शब्दांत सांगितलें, व आमच्या मतें लेखकांहून बरें सांगितलें. ह्या मांत्रिकाचे नियमही तसेच आहेत. पहिल्या पायरीवर बाकीच्या तिघांस मोठा मंत्र दिवसांतून दोनदां म्हणतां येतो, ह्यास एकदांच. पण तासभर टेकला कीं हा पुन्हां कामास उभा.

"ज्याच्याजवळ पोथी नाही, अन् उपजत काही नाही," तो म्हणाला, "त्यानं विद्या आणायची कुठून?"

सीमोनाची गोष्ट आम्ही गिळली. सीमोनाच्या हातांत पैसा होता. ह्याच्या हातांत कांहींच नव्हतें, म्हणून तर उचल. आणि आमचें तें परत करण्याचें सुंदर सूत्र? ह्या मुलाच्या घरीं परत करण्यावांचून दुसरें काय चाललें आहे? त्या दिवशीं आम्ही निकाल दिला नाहीं, व फांसे रुमालासुद्धां परत केले.

पुढच्या शनिवारीं पांचही जण आपण होऊन आमच्याकडे आले. सैतान म्हणून ओरडलेल्या पोथीवाल्यानेंच तोड काढली होती. आपल्या पात्राच्या सुवर्णमुद्रांतून तो मित्राची उचल फेडूं इच्छीत होता. असें चालेल काय? आम्ही पुस्तक चाळलें. तसा नियम नाहीं. असल्या गोष्टी खेळ चालविणाऱ्यावर सोंपविलेल्या आहेत. पण कर्जदारच राजी होईना. "फिटली अन् विद्याही गेली तर मी हात हलवीत बसू?" त्यास दुसरेंच हवें होतें. पात्र एका विद्येंतून दुसरींतही शिरूं शकतें, हें पान त्यानेंच आम्हांस काढून दाखविलें. पोथीवाला होण्यास बुद्धीचे १३ गुण लागतात. त्याच्या पात्राचे १२ होते.

एका गुणानें अडलें! शाळेंत असे प्रसंग आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांतील कित्येकांत लेखणी आमच्याच हातीं होती. आम्ही खेळ चालविणाऱ्या मुलाकडे पाहिलें. तो म्हणाला, "वाढवून देऊ का, सर?" आम्ही कांहीं बोलण्याआधींच त्या मुलानें मान हलविली. चौथ्या पायरीवर प्रत्येक पात्रास दोन गुण मिळतात. ते तो बुद्धीस लावणार, आणि पांचव्या पायरीवर पोथी उघडणार. उचल तोंवर, व पुढेंही, राहील ती राहील.

दिवाळीनंतर त्याचे आईवडील कारखान्यावर गेले. खेळ शनिवारीं चालतो. चौथ्या पायरीस २,७०० गुण लागतात व पांचवीस ६,५००. हें लिहितांना त्याच्या मांत्रिकाचे १,९०० झाले आहेत. पोथी मात्र त्यानें आतांच शिवून ठेविली आहे, आमच्याकडून मागून नेलेल्या पाठकोऱ्या कागदांची, आणि तिच्या पहिल्या पानावर नांव घालून पुढलीं सारीं पानें कोरीं सोडलीं आहेत.